किक कुठंय हिची?

2023 च्या दसऱ्याला नवी बुलेट घरी आणली, आईनं ओवाळलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आप्पा काठी टेकत टेकत गाडीच्या उजव्या बाजूला गेले, जरासे वाकले आणि म्हणाले, "किक कुठंय हिची?" मी म्हटलं आप्पा आता किक नसते, बटण असतं. मग त्यांनी किल्ली फिरवायला सांगितली. किल्ली फिरवली की पेट्रोलचा पंप दोन सेकंद बारीक आवाज करतो, कीssss असा, तो त्यांनी मान तिरकी करून ऐकला, मग मी बटण दाबलं आणि गाडी लागली. बराच वेळ ते तसेच उभे होते, आणि म्हणाले, "ठोका बरा आहे." एवढंच. माझ्यासाठी तेवढं खूप होतं, कारण आमच्या घरात गाडीच्या आवाजावर शेवटचा शब्द आप्पांचा असतो.

गेले काही महिने तीन-चार जणींनी विचारलं की तू ही गाडी कशी निवडलीस, जड नाही का जात, खर्च किती येतो, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय.

आप्पांची बुलेट 1987 ची. काळी, टाकीवर सोनेरी रेघा. आप्पा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते, ऊसनोंदीला गावोगाव फिरायचे, शिवारातल्या गाडीवाटा, ओढे, चिखल सगळं त्या गाडीनं बघितलंय. गाडी गल्लीच्या टोकाला आली की आई चहाचं आधण ठेवायची, घड्याळ बघायची गरजच नव्हती. आणि रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून आप्पा गाडी खोलायचे तेव्हा बॅटरी धरायला मी. सात-आठ वर्षांची असेन. मला पाने नंबरावरून ओळखता यायचे पण पाढे यायचे नाहीत अशी आईची तक्रार असायची.

त्या गाडीला किक मारायची एक पद्धत होती, ती आप्पांनी मला नववीत असताना शिकवली, आणि ती नीट शिकल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही असा दंडकच होता. किल्ली चालू करायची, हेडलाईटच्या वरच्या खोबणीत छोटा अँपिअर मीटर असतो त्याच्या काट्याकडे बघायचं. किक हळूहळू खाली दाबत न्यायची, काटा डाव्या बाजूला झुकलेला असतो तो एका जागी बरोबर मधोमध येतो, म्हणजे पॉईंट, ठिणगी पाडणारा खटका, उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनला, म्हणजे आतला वायू दाबायला, आला. तिथं थांबायचं. आता हँडलवरची डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी कडी दाबून किक केसभर पुढं न्यायची, कडी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. गाडी लागली पाहिजे. मी एकदा घाईत हे सगळं न करता नुसतीच किक मारली आणि ती उलटी आली, नडगीला लागलं ते पंधरा दिवस काळंनिळं होतं. आप्पा रागावले नाहीत, तेल लावताना फक्त म्हणाले, "ती सांगत असते बाळ, पिस्टन कुठं आहे ते. आपण ऐकायचं." हे वाक्य मी पुढं गाडी निवडताना, दुरुस्त करताना, सगळीकडे वापरलंय.

तर पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच होता की घरात बुलेट असताना दुसरी कशाला. खरं सांगायचं तर माझ्याही मनात आधी तेच होतं की जुनीच नीट करून वापरावी. पण मला रोज साताऱ्याहून कोरेगावला जायचं असतं, जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर, पावसाळा, ऊसाच्या ट्रॉल्या, अंधारात परत येणं, आणि जुनीला दोन्हीकडे ड्रम ब्रेक, दिवा पिवळसर, शिवाय गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. ते मला येतं, पण अचानक कुत्रं आडवं आलं तर पाय काय करेल याचा भरवसा नाही. पार्ट अजून मिळतात, पण चांगला कुठला आणि नकली कुठला हे ओळखायला जाणता मेस्त्री लागतो, आणि पॉईंटची गाडी कानानं जुळवणारे मेस्त्री आमच्याकडे आता बोटावर मोजण्याइतकेच उरलेत. रोजच्या राबत्याला तिला जुंपणं मला पटेना. तिला रविवारसाठी ठेवायचं ठरलं.

मग नवी बघायला लागले तेव्हा माझी अट एकच होती, एक सिलिंडर, आणि अशी गाडी जी उघडली तर मला समजेल. ही अट का, ते सांगते, कारण लोकांना वाटतं की हे नुसतं जुन्या आठवणींपायी आहे. तसं नाहीये. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, दोनदा फिरला की एकदा स्फोट होतो. एकच सिलिंडर असेल आणि गाडी 1000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांवर, आयडलिंगला उभी असेल तर मिनिटाला 500 ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. कान सरावला की हे ठोके सुटे सुटे ऐकू येतात, एखादा ठोका चुकला तर लगेच कळतं. चार सिलिंडरच्या गाडीत तेच ठोके 2000 होतात आणि त्यांचा एक सलग सूर होतो, छान असतो तो पण त्यातनं माझ्यासारखीला काही वाचता येत नाही. एका सिलिंडरला प्लग एक, पिस्टन एक, या गाड्यांना बहुतेक व्हॉल्व्हही दोनच. बिघडण्यासारख्या जागा कमी आणि त्या हाताला लागतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लांब स्ट्रोक. जुन्या बुलेटचा बोअर, सिलिंडरची रुंदी, 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक, पिस्टनची चाल, 90, म्हणजे पिस्टन स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त अंतर वरखाली करतो, जोडीला जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं वजनदार चाक, त्यामुळं इंजिन सावकाश फिरतं पण ओढ खालपासून असते. ओली माती, चढ, मागं माणूस, तरी गिअर न पाडता गाडी डुगडुगत वर जाते. नवीचं इंजिन 349 सीसी, बोअर 72 आणि स्ट्रोक 85.8, म्हणजे तो स्वभाव तसाच ठेवलाय. आकडे म्हणाल तर 20.2 बीएचपी, आणि टॉर्क, म्हणजे ओढ, 27 न्यूटन मीटर तो 4000 आरपीएमलाच मिळतो. बीएचपी ऐकून पोरं हसतात, पण यवतेश्वरचा घाट आईला मागं घेऊन चढताना मला कधी कमी पडलं नाही.

आणि थरथर. एकच पिस्टन वरखाली होणार म्हणजे इंजिन हलणारच, त्याला तोलायला समोर दुसरा पिस्टन नसतो. आताच्या इंजिनात त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट टाकलेला असतो, उलट फिरणारं वजन, त्यामुळं हाताला मुंग्या येत नाहीत. काही जुने लोक म्हणतात की त्यानं मजा गेली. मला नाही वाटत. मला दिवसाकाठी चाळीस किलोमीटर जायचंय आणि संध्याकाळी घरी पोळ्याही लाटायच्यात.

चालवून मी चार-पाच गाड्या बघितल्या. होंडाची हायनेस सीबी 350 इतकी गुळगुळीत आणि नीटस की मी दोन दिवस तिच्याच विचारात होते, वजन 181 किलो म्हणजे बुलेटपेक्षा 14 किलो कमी, आणि हे 14 किलो पार्किंगमधनं गाडी मागं ढकलताना फार जाणवतात. जावा बसायला खाली, माझ्या उंचीला सोयीची, पण तिचं तेव्हाचं इंजिन 293 सीसी, रेडिएटरवालं, ते वरच्या आरपीएमला खुलतं आणि मला खालची ओढ हवी होती. हंटर म्हणजे बुलेटचंच इंजिन छोट्या चाकांवर, गावात चालवायला एकदम चपळ, पण मागची सीट आईला पुरेना. बुलेटच्याच कंपनीची क्लासिक आवडली होती, सीट दोन तुकड्यांची निघाली. शेवटी निकाल सीटवरच लागला. आई पाचवारी नेसून एका बाजूला बसते, तिला लांब, सपाट, एकसंध सीट लागते आणि खाली साडीगार्डवर पाय टेकायला जागा लागते, आणि ते बुलेटला आहे, पहिल्यापासून आहे. लोक इंजिन, रंग, आवाज सगळं बघतात, पण मागं कोण बसणार आहे त्याला शोरूममध्ये नेऊन बसवून बघत नाहीत, ते आधी करा असं मी कुणालाही सांगेन.

मॉडेल घेताना एक लक्षात ठेवा. या गाडीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला मागं ड्रम ब्रेक आणि सिंगल चॅनल एबीएस असतं, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय फक्त पुढच्या चाकाला, वरच्यांना मागंही डिस्क आणि ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना. पावसात घाट उतरणार असाल तर वरचं घ्या, रंगात पैसे वाचवा पण ब्रेकमध्ये नको. मला 2023 ला सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या पुढं पडली. आता 2025 च्या 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय आणि 350 च्या वरच्यांना 40, त्यामुळं घ्यायची असेल तर या गटातली घेणं आणखी सोयीचं झालंय.

आता वजनाचं. गाडी 195 किलो, सीट 805 मिलिमीटर उंच, मी पाच फूट तीन इंच. माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा टेकत नाहीत. पहिले आठ दिवस सिग्नलला छातीत धडधड व्हायची. मग कळलं की ताकदीपेक्षा जागा बघण्याचं काम आहे. थांबायच्या आधी बघायचं की पाय कुठं पडणार, खड्ड्यात, वाळूवर की उतारावर. लावताना तोंड चढाकडे करून लावायची आणि पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना मागं ओढत बसावं लागत नाही. मेन स्टँडला लावताना गाडी हातानं वर ओढायचीच नाही, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेत हे पायालाच कळतं, मग स्टँडच्या त्या पट्टीवर उजव्या पायानं पूर्ण उभं राहायचं, हात फक्त तोल धरायला, गाडी आपल्या वजनानंच मागं सरकून चढते. हे मला आप्पांनी खुर्चीत बसून शिकवलं. आता कॉलनीतल्या पोरांची गाडीसुद्धा मी लावून देते.

दोन वर्षांत 22,000 किलोमीटर झाले. पहिले 500 किलोमीटर सावकाश चालवली, इंजिन एका वेगावर जास्त वेळ ठेवलं नाही. ॲव्हरेज मला पस्तीसच्या आसपास पडतं, टाकी 13 लिटरची, म्हणजे आठवड्यातनं एकदा पंप. रोज सकाळी मी तीन गोष्टी करते, दोन्ही टायर दाबून बघते, चेनकडे एक नजर टाकते, आणि गाडी चालू करून अर्धा मिनिट नुसती ऐकते. तो अर्धा मिनिट मी सोडत नाही.

त्याचा फायदा एकदा असा झाला. एका ठिकाणी सर्व्हिसिंगला टाकली होती, घेऊन आले तर सावकाश जाताना खालनं कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, वेग वाढला की जायचा. परत दाखवली तर म्हणाले मॅडम नवीन ऑइल आहे, दोन दिवसांत बसेल. मला काही पटेना. घरी आणून मेन स्टँडला लावली, मागचं चाक हातानं फिरवत चेन खालून बोटानं उचलून बघितली. चेन सगळीकडे सारखी नसते, फिरवत गेलं की एका जागी ती जास्त ताठ होते, ढील त्या जागी मोजायची असते. साधारण इंचभर तरी वरखाली झाली पाहिजे, तिथं माझ्या बोटानं जेमतेम हलत होती, तारेसारखी ताणलेली. त्यावर आई मागं बसली असती तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर गेला असता. ॲक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूचे ॲडजस्टर सारख्याच खुणांवर आणले, ते सारखे नसले तर चाक तिरकं बसतं, परत मोजली, नट आवळला. आवाज गेला. वीस मिनिटांचं काम. त्या दिवसापासून चेन मी कुणाला हात लावू देत नाही, दर 500 किलोमीटरला मीच मऊ ब्रशनं साफ करते, तारेचा ब्रश चुकूनही नाही, आणि गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असताना आतल्या बाजूनं ल्यूब मारते म्हणजे ते आत ओढलं जातं.

दुसरा प्रसंग कुंभार्ली घाटातला. चिपळूणला मावशीकडे निघाले होते, कोयनानगर मागं पडलं, घाट सुरू झाला आणि मागचं चाक वळणावर पोहायला लागलं. पंक्चर. या गाडीला आऱ्यांची चाकं म्हणजे आत ट्यूब, आणि ट्यूब गेली की हवा एकदमच जाते, ट्यूबलेससारखी चार किलोमीटर नेता येत नाही. भर पाऊस, धुकं, मोबाईलला रेंज नाही. एक पिकअपवाले दादा थांबले, खाली पोफळीपर्यंत गाडी घालून नेली, भाडं विचारलं तर नको म्हणाले, "ताई तुम्ही पोचा आधी." तिथनं आल्यावर मी मागचं चाक काढायला आणि ट्यूब बदलायला शिकले, बोटं सोलली पण शिकले. आता साईडच्या पेटीत ट्यूब, दोन टायर लिव्हर, ॲक्सलला लागणारा पाना, हातपंप आणि एक क्लच वायर कायम असते. आऱ्यांची चाकं दिसायला सुंदर असतात, खड्ड्यात लवतात पण सहसा फुटत नाहीत, मला तीच हवी होती, पण घेताना हे माहीत असावं.

सायलेन्सरबद्दल मात्र मला कळकळीनं बोलायचंय. नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात सायलेन्सर बदलायचा हे काय खूळ आहे मला कळत नाही. आमच्या गल्लीत म्हातारी माणसं आहेत, दहावीची पोरं आहेत, पहाटे फाडफाड आवाज करत गाडी गेली की पाळण्यातलं पोर दचकून उठतं. पुण्यात पोलीस असे सायलेन्सर गोळा करून रोलरखाली घालतात, बरंच करतात. आणि त्या गदारोळात इंजिनाचा स्वतःचा ठोका बुडून जातो, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, वाजतंय का, चेन कुरकुरतेय का, काहीच कळत नाही. ज्याच्यासाठी एक सिलिंडर घ्यायचं तेच घालवून बसायचं.

बुलेट हे नाव 1932 पासून आहे, इंग्लंडमधल्या रेडिचचं. 1956 मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला ती बनायला लागली आणि 1970 पर्यंत तिकडचं सगळं बंद पडलं तरी इकडची चालूच राहिली. आप्पांना हे सगळं पाठ आहे. टाकीवरच्या सोनेरी रेघा हातानं मारतात हे त्यांनीच मला लहानपणी दाखवलं होतं, रेघेच्या टोकाला ब्रश उचलला की किंचित बारीक होते तिथं नखानं खूण करून. नवी आली तेव्हा मी पहिल्यांदा तीच जागा शोधली. सापडली.

जुनी अजून अंगणात आहे, खाली ऑइलच्या थेंबांसाठी पुठ्ठा. गेल्या रविवारी टॅपेटचं झाकण उघडलं. हिचे टॅपेट थंड इंजिनावर बघायचे असतात, पिस्टन वर आणून पुशरॉड, व्हॉल्व्ह ढकलणारी उभी सळी, दोन बोटांत धरायचा, तो गरगर फिरला पाहिजे पण वरखाली जराही हलता कामा नये. एकाचा ठीक होता, दुसरा किंचित खुळखुळत होता. दोन बारीक पान्यांनी हळूहळू जुळवला, परत फिरवून बघितला, परत जुळवला. आप्पांचे गुडघे गेलेत, त्यांना किक बसत नाही, म्हणून किक मी मारली, काटा मधोमध आणून. दुसऱ्या किकला लागली. आप्पा ओट्यावरनं म्हणाले एक्झॉस्टचा अजून जरा बघ, आणि त्यांचं खरं होतं.

मार्चमध्ये तिचं पासिंग आहे. पंधरा वर्षांच्या वरची म्हणून पर्यावरण कर भरायचा, पीयूसी काढायची, आणि त्याआधी मागचे ब्रेक लायनर आणि हॉर्न बदलायचाय. लायनर परवा आणलेत.